तुटक रेघेची चौकट

खोडरबराचा एकच कोपरा शाबूत होता. बाकीचे तिनं घासून घासून गोल करून टाकले होते, हा चौथा मात्र राखून ठेवला होता — कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. खाली टेबलभर पसरलेला कागद, त्यावर पेन्सिलीच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला वरच्या चौकटीशी बांधणाऱ्या रेघा. त्या वर वर चढत कागदाच्या कडेपर्यंत जायच्या आणि तिथून दुसऱ्या देशात. सांख्यिकी कार्यालयातलं तिचं काम एवढंच, की परदेशी समूहाच्या इथल्या कंपन्यांतला खरा उद्योग कोणता आणि नुसतं नाव कोणतं, ते ठरवायचं. जो आपले निर्णय आपण घेतो तो उद्योग, त्याची चौकट सलग रेघेची. बाकीच्यांची तुटक, त्यांना एकत्र जोडायचं आणि सगळ्यांचा मिळून एकच उद्योग मोजायचा, नाहीतर तोच माल तीनदा मोजला जातो आणि देशाचा व्यापार उगाच फुगून बसतो.

ह्या समूहाच्या इथं तीन कंपन्या. एकीच्या नावावर यंत्रं, दुसरीच्या नावावर माणसं, तिसरीच्या नावावर विक्री. फाटक मात्र तिघींचं एकच. तिसरीच्या तर नावातच ‘जागतिक’ होतं... नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

संध्याकाळपर्यंत संचालकबाईंना उत्तर हवं होतं. ह्या चौकटींबद्दल नव्हे. राजधानीत समूहांसाठी नवा कक्ष निघतोय, तो तू सांभाळशील का, असं त्यांनी विचारलं होतं. किती वर्षांनी तिला एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटली होती! पण तोंडातून निघालं काय, तर — ‘घरी विचारून सांगते.’ घरी विचारलं. नवरा म्हणाला, आईशी बोलतो. सासूबाई म्हणाल्या, थोरल्याला विचार. थोरले दीर दूर परदेशी, कायमचे तिकडचेच झालेले. पण इथल्या खिडकीचा पडदासुद्धा त्यांना फोनवर दाखवल्याशिवाय लागत नाही. बरं, माणूस वाईट नाही, आवाज चढवत नाही, सगळ्यांचं बघतो. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

तिनं त्या तीन कंपन्यांच्या कारखान्याच्या मॅनेजरला फोन लावला.

“मालाचा भाव कोण ठरवतं?”

“तो तिकडून येतो, मॅडम.”

“आणि माणसं कोण नेमतं?”

“मीच की. म्हणजे... मी नावं पाठवतो. तिकडून हो आलं की नेमतो.”

“नवं यंत्र घ्यायचं झालं तर?”

“मॅडम, फाटकाचा रंगसुद्धा तिकडून ठरतो! मला हिरवा हवा होता, राखाडी आला.” तो मनापासून हसला. मग, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं असं वाटलं असावं, आवाज खाली आणून म्हणाला, “आम्हाला वेगळं धरता येईल का हो? सगळी उमेद इथं घातलीय मी. तुमच्या आकड्यांत तरी आम्ही आमचे असू.”

शेवटचा प्रश्न नियमावलीत नव्हता, तो तिचा स्वतःचा होता, आणि ती तो प्रत्येकाला विचारायची. “वरून आलेलं काही तुम्ही कधी नाकारलंय?”

यंत्रांच्या घरघरीत त्यानं कुणाला तरी ‘आलोच’ म्हटलं.

“तशी वेळच आली नाही,” तो म्हणाला. “चांगलंच सांगतात हो ते.”

तिनं तिन्ही चौकटींच्या रेघा खोडून तुटक केल्या. त्या भल्या माणसाचं एवढंसं मागणं आपण पुसून टाकलं, ह्याचं तिला वाईट वाटलं. पण नियम तो नियम. खोडून झाल्यावर बघते तर चौथा कोपराही गेला होता.

दुपारी नवऱ्याचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, स्वारी खुशीत आहे.

“अगं, दादा हो म्हणाला! त्याची छोटी राजधानीतच शिकायला येणार आहे, तिची सोय होईल. दोन खोल्यांचं घर बघ म्हणालाय. आईपण अधूनमधून येऊन राहील. सगळं ठरलंय, तू काही काळजी करू नकोस.”

“बरं,” ती म्हणाली.

बरं! मी ‘बरं’ म्हणाले? हवं होतं ते मिळालं, तर नाचायला हवं होतं मी... आणि हे काय, ही कसली कळ? ‘नाही’ आलं असतं तर रडले असते, चिडले असते, निदान माझं काहीतरी माझ्याजवळ राहिलं असतं. हे ‘हो’ तर त्यांनी उचलून आपल्या चौकटीत नेऊन ठेवलं. मी जाणार ती त्यांची तिकडची शाखा म्हणून. जे आपल्याच समूहाची कामं करतं आणि बाहेर काही विकत नाही, त्याला आमच्याकडे सहायक एकक म्हणतात. ते वेगळं मोजत नाहीत, ज्याचं असेल त्याच्यात मिळवून टाकतात. मग नको म्हणू? जे जिवापाड हवंय तेच नाकारू, केवळ ते वरून आलं म्हणून? इकडे आड, तिकडे विहीर. आणि वरून आलेलं मी तरी कधी नाकारलंय? चांगलंच सांगतात हो ते...

संध्याकाळी खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतले दिवे मजल्यामजल्यानं विझू लागले. कुणीतरी लिफ्टचं दार धाडकन ओढलं. संचालकबाई खांद्याला पर्स लावून तिच्या टेबलाशी थांबल्या.

“काय म्हणाले घरचे?”

“हो म्हणाले.”

“वा! मग प्रश्नच मिटला. उद्या कळवून टाकते.”

“थांबा,” ती म्हणाली.

“का गं? आता काय राहिलं?”

जावंसं वाटत होतं, अजूनही तितकंच. आणि आतून काहीतरी तापत चाललं होतं. नवऱ्यावर, दिरांवर, ह्या बाईंवर, त्या हसऱ्या मॅनेजरवर, आणि सगळ्यांत जास्त आपल्या त्या ‘बरं’वर. राग होता तो. इतका जुना की तिला आधी ओळखूच आला नाही. बाई घड्याळ बघत उभ्या होत्या आणि ती तो राग अंगभर चढू देत होती, कारण तो कुणाला विचारून आलेला नव्हता.