फ्लोरिसची राख

मित्रांनो, मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. माझा गंज बघून नाक मुरडू नका. मलाही चांगले दिवस होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वस्तीत, फ्लोरिसच्या अंगणात मी नांदले. तो स्नूक मासा उभा चिरायचा, वर जर्दाळूचा मुरंबा फासायचा आणि माझ्या जाळीवर भाजायचा. वासाने शेजारी गोळा होत. पण आमच्याकडे ज्याने आग पेटवली, त्याच्या आगीला दुसऱ्याने हात लावायचा नसतो. त्याची बायको सुझाना साधं लाकूड सारायला वाकली, तरी तो चिमटा उगारायचा.

“ए, हात लावू नकोस! ही माझी आग आहे.”

“ठेव तुझी तुझ्यापाशी. खायला मात्र मी पहिली!”

एकदा असाच रात्री मासा भाजून तो पहाटे होडी घेऊन गेला, तो परत आलाच नाही. होडीची फळीसुद्धा सापडली नाही. माझ्या पोटात त्याची राख तेवढी राहिली.

मुलगी लेना ती काढायला आली, तर सुझाना धावून आली. “खबरदार! त्याची आग आहे. तोच येऊन काढेल.”

मला अजून राग येतो हो! तिने मायेपोटी मला कुणाला शिवू दिलं नाही. समुद्राच्या धुक्याने राख भिजायची आणि ती ओली राख मला आतून खायची. असे किती हिवाळे गेले.

शेवटी लेना म्हणाली, “आई, बाबाला कबर नाही. आता त्याची शेगडीही राहायची नाही. बोट घालून बघ तरी.”

सुझानाने बोट घातलं. हातात गंजाचा लाल भुगा आला. तेव्हा ती पहिल्यांदा फ्लोरिससाठी रडली.

मग तिने राख डब्यात भरून लाटांवर सोडली. मला तारेच्या घासणीने खरवडलं, धुतल्याबरोबर कोरडं केलं, मेंढीची चरबी चोळली. मी पुन्हा काळी कुळकुळीत झाले. वाटलं, वाचले बाई!

तिने काडी ओढली. निखारे फुलले आणि माझा तळ कडकन फुटला. सगळे निखारे वाळूवर सांडले. लेना चिमटा घेऊन धावली.

“सर बाजूला, हात लावू नकोस,” सुझाना डोळे पुसत म्हणाली. “ही माझी आग आहे.”

तिने दोन विटांवर माझी जाळी ठेवली आणि मासा तिथेच वाळूत भाजला.

आता जाळी कामाला जाते. मी भिंतीशी दोन तुकडे होऊन पडले आहे. मित्रांनो, राख वेळच्या वेळी काढत जा, लोखंड पुसत जा. आणि गेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावायला भिऊ नका. त्याने ती रोज वापरली होती.