आशाबाईंनी फोडलेली डिस्क

गिरधरने हातोडी उगारली आणि हार्ड डिस्कवर घातली. डिस्क टुणकन उडून टेबलाखाली गेली. तिला साधा पोचासुद्धा आला नाही.

"मर तिथंच!" तो म्हणाला, आणि गुडघे टेकून तिला हुडकायला लागला.

सकाळपासून हेच चाललं होतं. सिंधीपुऱ्यातल्या या लॅबमध्ये त्याने बावीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं होतं. गेल्या महिन्यात ती इंदूरच्या एका मोठ्या कंपनीत विलीन झाली आणि हुकूम आला : पेशंटची माहिती गुप्त राहिली पाहिजे, जुन्या सगळ्या डिस्क फोडा, फोटो पाठवा. त्याने पाच फोडून फोटो पाठवले. उत्तर आलं, 'सीरियल नंबर नहीं दिख रहा.' अरे, फोडल्यावर नंबर दिसणार कसा? बरं, सगळे जुने रिपोर्ट कंपनीने आठवड्यापूर्वीच आपल्या सर्व्हरवर ओढून घेतले होते. मग हे नाटक कशाला, असं त्याने फोनवर विचारलं, तर पलीकडचा म्हणाला, "सर, प्रोसेस है."

दारात आशाबाई उभ्या होत्या. फोपनार गावाहून शुगर तपासायला आल्या होत्या.

"भाऊ, बाहेर म्हनतात जुनं सगळं फोडून ऱ्हायले. खरं का?"

"खरं आहे, ताई."

त्यांनी आत येऊन दार लोटलं. "माझ्या पोरीचा रिपोर्ट बी त्यातच असंन?"

गिरधरला आठवलं. अकरा वर्षं झाली असतील. दहा वर्षांची काडीसारखी पोर, तपासणीत टीबी निघाला. एवढ्या मोठ्या घरात पोरीचं ताट वेगळं मांडतील म्हणून आशाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. ताकदीच्या गोळ्या म्हणून औषध दिलं. पोर ठणठणीत बरी झाली.

"परवा तिच्या लग्नाची सुपारी फोडायची हाय," आशाबाई म्हणाल्या. "पोराकडच्यांले कळलं तर मोडतीन ते. घरात तर अजून कोनालेच माहीत नाही. मी फोडू का, भाऊ? माझ्या हातानं?"

ताई, पोरीचा रिपोर्ट कधीच इंदूरला पोचला, हे शब्द गिरधरच्या जिभेवर आले होते. पण त्याने त्या वर्षाची डिस्क काढून पुढ्यात ठेवली आणि हातोडी दिली.

पाचव्या घावाला झाकण दुमडलं. आतली चकती वाकली, तरी त्या मारतच राहिल्या. मग पदराने तोंड पुसून खाली बसल्या आणि हसल्या. "सुटले बाई एकदाची!"

तेवढ्यात गिरधरचा फोन वाजला. कंपनीच्या ग्रुपवर मेसेज होता. 'बधाई हो, इंटिग्रेशन पूरा. आज तीन बजे सभी पुराने मरीजों के मोबाइल पर उनकी रिपोर्ट भेजी जाएगी.'

घड्याळात तीनला दोन मिनिटं कमी होती. त्याने इंदूरला फोन लावला. तिकडून नुसतं संगीत ऐकू येत होतं.

"ताई, त्या वेळी मोबाइल नंबर कुणाचा दिला होता?"

"घरात एकच फोन व्हता. भाईदास भाऊजींचा, माझ्या दिराचा. सुपारीचं सगळं तेच तर पाहून ऱ्हायले. आता बी त्यांच्याच गाडीवर आले, बाहेर बसले हायेत."

गिरधर हातातला फोन तसाच घेऊन बाहेर धावला.

मोटारसायकलवर बसलेला भाईदास चष्मा कपाळावर चढवून, मोबाइल लांब धरून वाचत होता.

"भाईदासभाऊ, तो मेसेज... म्हणजे चुकून..."

भाईदासने अंगठ्याने मेसेज पुसला आणि मोबाइल खिशात टाकला.

"तव्हा बी आला व्हता," तो हळूच म्हणाला. "तुमच्याच लॅबमधून. पोरीच्या नावासकट."

गावच्या लोकांचा बसचा हेलपाटा वाचावा म्हणून त्या काळी गिरधर स्वतःच मेसेज टाकायचा.

"मग तुम्ही घरात...?"

"वहिनी म्हने, ताकदीच्या गोळ्या हायेत. मी बी सगळ्यांले तेच सांगितलं."

आशाबाई हात झटकत बाहेर आल्या.

"काय झालं, भाऊजी?"

"काही नाही. कंपनीची जाहिरात व्हती." भाईदासने किक मारली. "बसा वहिनी, पोरीची साडी घ्यायची ऱ्हायली."