सुलक्षाचं हसणं

गोवा राज्य झाल्यावरची दुसरी गणपतीची चवथ. सुर्ल्याच्या घरात फुगड्यांना बायका जमल्या होत्या. सर्दीने किरकिरणाऱ्या आपल्या लहानग्या अक्षयला कडेवर घेऊन रूपाली दारात उभी होती. तिचं लक्ष नणंदेच्या पायाकडे होतं. सुलक्षा उजवं पाऊल तिरकं टाकत होती.

"काय झालं गो पायाला?"

"नव्या चपला, वैनी. चावल्या," सुलक्षा हसली.

महिन्याभरात विद्यापीठाच्या जिम्नॅस्टिक्स संघाची निवड व्हायची होती. दोन वर्षांपूर्वी हीच मुलगी उडी चुकली की कोपऱ्यात बसून मुसमुसायची. तिला शिकवणारे सर म्हणाले, पडलीस तरी हात वर करून हसायचं, रडक्या तोंडाला गुण नसतात. तेव्हा रूपालीनेच तिच्यासमोर आरसा धरला होता. "दात नकोत. डोळ्यांनी हस." पोर बदलली. सासूबाई पद्मावती शेजारणींना सांगत, "आमची रडूबाई शहाणी झाली."

"उड्यावाली खंय गेली? ये गो, की आम्हा म्हाताऱ्यांना भियेलीस?" बायकांनी हाक मारली.

सुलक्षा क्षणभर थबकली. रूपालीला ते दिसलं. पण त्या हसऱ्या तोंडाकडे बघून तिनेच नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. "जा गो, वर्षाची चवथ."

तिसऱ्या फेऱ्याला सुलक्षा कोसळली. लगेच उठली आणि दोन्ही हात वर करून हसली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पाय चपलेत जाईना. डिचोलीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. घोट्याचं हाड आठवड्यापूर्वीच, सरावात, तडकलं होतं. "तेव्हाच विश्रांती घेतली असती तर सांधलं असतं. आता सरकलंय. उड्या विसरा."

"सांगितलं का नाहीस?" बसमध्ये रूपालीने विचारलं. मुलाचं कपाळ दिवसातून दहा वेळा चाचपणारी ती, तिला एक घोटा ओळखता आला नव्हता.

"सरांनी निवडीतून नाव कापलं असतं."

घरी पद्मावती उंबऱ्यातच उभ्या होत्या. "काय म्हणाले डॉक्टर?"

"काही नाही आई, पंधरा दिवसांत बरी," सुलक्षा हसून म्हणाली. सासूबाई निर्धास्त होऊन आत गेल्या.

रूपालीने खोलीचं दार लावलं. नणंदेचा चेहरा ओंजळीत धरला. "इथे कोणी बघत नाही. रड गो बाये."

सुलक्षाने डोळे मिटले. ओठ थरथरले, हनुवटी आक्रसली, आता फुटेल असं वाटलं. आणि गालावर पुन्हा तेच गोड हसू आलं.

"जमत नाही गो, वैनी," ती म्हणाली.