बरगड्या उभ्या लावायच्या

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला माझ्या सख्ख्या बहिणीने दाखवलं. परकी असती तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या खानावळीत स्वयंपाकीण हवी होती. शुक्रवारी मालकीणबाई म्हणाल्या, सोमवारी तुझ्या त्या बरगड्या करून आण, खाऊन बघते. पंधरा वर्षं घरच्यांचीच पोटं भरत आले, स्वतःचं म्हणावं असं काम पहिल्यांदा दारात आलं होतं. आनंद पोटात मावेना, म्हणून लगेच ताईला फोन केला. दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

डुकराच्या बरगड्यांना मी आदल्या संध्याकाळी मीठ, मिरपूड, तिखट, लसूण आणि चमचाभर साखर चोळून ठेवते. पहाटे स्लो कुकरच्या तळाशी कांद्याच्या जाड चकत्या आणि त्यावर बरगड्या उभ्या, मांस भांड्याच्या बाजूला. पाणी थेंबभरही नाही. मंद आचेवर आठ तास, आणि झाकण कुणी उचलायचं नाही. आमचे हे एकदा वास घ्यायला म्हणून पुढे सरकले, तर मी कालथाच उगारला. शेवटी रस आटवून वरून लावायचा आणि दहा मिनिटं ओव्हनमध्ये. उचलली की हाड हातात आणि मांस ताटात, इतकी मऊ. हे सगळं ताईला मी दोन वर्षांपूर्वी शेजारी उभं करून शिकवलं होतं.

सोमवारी दुपारी डबा घेऊन गेले. मालकीणबाईंनी एक बरगडी खाल्ली, बोटं चाटली, दुसरी घेतली. मग ओशाळून म्हणाल्या की काल एक बाई अगदी अशाच बरगड्या घेऊन आली होती, तिला त्यांनी शब्द देऊन टाकला. हनुवटीवर तीळ होता म्हणाल्या. तसा तीळ ताईच्या हनुवटीवर आहे.

तशीच ताईकडे गेले. ती ओट्याशी भांडी पुसत होती. तोंडाला येईल ते बोलले. तुला लाज कशी नाही वाटली, माझा घास माझ्याच ताटातून उचललास, एकाच आईच्या पोटच्या ना आपण. तिने काहीच नाकारलं नाही. फडकं बाजूला ठेवलं.

"शनिवारी बरगड्या आणायला पहिल्यांदाच तुझ्या खाटकाकडे गेले होते," ती म्हणाली. "खाटीक म्हणाला, तुमची बहीण नेहमी मागचा पडदा सोलून नेते, तुम्हाला नको का? तिथेच ठरवलं."

बरगड्यांच्या हाडांकडच्या बाजूला एक पातळ, चिवट पडदा असतो. तो काढला नाही तर आठ तास काय, अठरा तास शिजवा, दाताखाली चामडं आल्यासारखं वाटतं. मी तो खाटकाकडूनच काढून आणायचे. ताईला हे कधी बोलले नव्हते. भावोजी तिच्याकडे जेवताना ताट सारायचे आणि म्हणायचे, धाकटीच्या हाताची सर नाही. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

"दोन वर्षं मला वाटत होतं, माझ्याच हाताला चव नाही," ताई म्हणाली.

तू माझी नोकरी चोरलीस, हे मी तरीही तिला तोंडावर सांगितलं. आजही सांगेन. हो, चोरली, असं ती शांतपणे म्हणाली. भांडणाला ती तयारच नव्हती, आणि त्यानेच मी जास्त चिडले. मग मी म्हणाले, पडद्याचं सांगायचं राहून गेलं गं.

"आता तरी खरं बोल," ती म्हणाली.

मी खाली बघत खरं सांगितलं. तिने ऐकलं आणि पुन्हा फडकं हातात घेतलं. मला बस म्हणाली नाही. मंगळवारपासून ती खानावळीत जायला लागली, आणि मला अजून तिचा फोन आलेला नाही.