नुसत्या ‘फि’वरून

मी एक जुना संगणक आहे. नाशिकला द्वारका चौकाजवळ, यादवरावांच्या फॉर्म भरायच्या दुकानात गेली नऊ वर्षं बसलोय. मित्रांनो, मी नवा होतो तेव्हा यादवरावांनी मला हार घातला होता, पेढे वाटले होते. दाखले, निकाल, नोकरीचे अर्ज, सगळं माझ्यावरून व्हायचं. पुढे कळफलकाची अक्षरं पुसट झाली, पंखा घरघरू लागला. धूळ पुसायचंही कुणाच्या लक्षात राहिना.

दुपारी दुकानात यादवरावांची मुलगी भाग्यश्री बसायची. तिला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या चालू होत्या, तीन वर्षांत एकही आली नव्हती. कळवणच्या योगेशशी तिचं लग्न ठरत आलं होतं. तिचा मोबाइल घरात सगळेच हाताळत, म्हणून मनातलं ती मला विचारायची.

एकदा ती वडिलांना म्हणाली, “पप्पा, दुसरा ब्राउझर टाकू का? बंद केला की सगळं पुसून टाकतो. हा तर लोकांनी शोधलेलं सगळं साठवून ठेवतो.”

“गिऱ्हाइकांना हाच सवयीचा झालाय. चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?”

मग ती स्वतःचं शोधलेलं रोज हातानं पुसू लागली. एका शनिवारी मात्र दुकानात एकदम गर्दी झाली आणि पुसायचं राहून गेलं.

त्याच दुपारी योगेशचे मामा हिरामण आले. पुतणीच्या कॉलेजची फी पाहायची होती. “मीच टाकतो,” म्हणत त्यांनी घाईत ऱ्हस्व ‘फि’ एवढंच टाइप केलं. लगेच खाली ओळ उमटली : ‘फिट येणाऱ्या मुलीने लग्नाआधी सांगावे का’.

मामांनी ती दोनदा वाचली. “हे कोनी शोधलंय?”

यादवराव म्हणाले, “येतात हो सतरा लोक इथं.” पण मामा भाग्यश्रीकडे बघत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मामा, मी उद्या योगेशना सांगणारच होते,” ती म्हणाली.

“आता काय सांगायचं राहिलं, पोरी?” मामा उठले आणि पायरीवरूनच त्यांनी फोन लावला.

योगेशचा फोन पुन्हा आला नाही. समजून सांगितलं असतं, तर कदाचित त्यानं ऐकून घेतलं असतं. कदाचित नसतंही. पण ते सांगणं तिचं होतं आणि ते मी तिच्याआधी सांगून टाकलं.

यादवरावांनी आठवडाभरानं नवा ब्राउझर टाकून घेतला. मुलीला म्हणाले, “बघ गं, बंद केला की सगळं पुसतंय.” आता ती माझ्यावर फक्त दुसऱ्यांचे फॉर्म भरते. स्वतःसाठी एक अक्षरही नाही.

मित्रांनो, मला डोळे मिटता येत नाहीत, पडद्यावर हात ठेवता येत नाही. माझ्यात कोणता ब्राउझर घालायचा, त्यानं काय लक्षात ठेवायचं, हे तुम्हीच ठरवायचं असतं. तेवढं वेळेवर ठरवा. माझ्यासमोर बसणारं माणूस कधी कधी फार एकटं असतं.