वाढत्या अंगाचं इंजिन

इंजिन वाढत्या अंगाचं आहे, हे मालनला पहिल्या मापालाच कळलं. टेप लावला तेव्हा त्याची छाती तिच्या कवेत मावत होती. टेप गुंडाळून खाली ठेवेपर्यंत मावेनाशी झाली.

"झालं का माप?" आनंदानं विचारलं.

"वाढतंय ते."

"लोखंड कुठं वाढतंय व्हय? कायतरीच तुझं."

आनंदा तिचा नवरा. परसातल्या शेडात तो कैक वर्षं आपल्या हातानं स्पोर्ट्स कार बांधत होता. भंगारातल्या जीपचं इंजिन, पाइपांची चॅसी, आणि दोन सीटा. "एक माझी, एक तुझी," तो लग्नापासून सांगत आला होता. "तिसऱ्याला जागाच न्हाई. सरळ आंबोलीचा घाट!" त्या घाटापायी मालननं गल्लीतल्या साऱ्या बायकांचे ब्लाउज शिवले, त्या पैशाचा पत्रा आला, आणि आपल्या सीटला हिरवं रेक्झिन तिनं आपणच चढवलं. आता राहिलं होतं इंजिनावरचं अंग. पत्र्याची गोलाई आनंदाला साधेना, म्हणून त्यानं बायकोला कागद बेतायला सांगितलं, चोळी बेततात तसा.

तिनं बेतला, आणि सवयीनं चुकली. शाळकरी पोरींचे कपडे बेतताना ती शिवणीत माया ठेवायची, पोरी वाढतात म्हणून. तशी इथंही ठेवली, आणि त्या कागदाबरहुकूम पत्रा कापून इंजिनावर चढला. सकाळी बघते तर इंजिनानं ती सगळी जागा भरून काढलेली, आणि पत्रा तटतटलेला.

"जागा ठिवलीस म्हणून वाढलं!" आनंदा भडकला. "आता उसव ते सगळं."

मालनच्या तोंडात टाचण्या होत्या. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या तोंडात टाचण्याच असायच्या, आणि आनंदा चारचौघांत सांगायचा, आमची मंडळी स्वभावानं शांत.

तिनं उसवलं, सैल केलं. इंजिन त्यातही भरलं. पत्रा संपला तेव्हा आनंदानं पाण्याचं पिंप कापून आणलं, मग कपाटाचं दार, मग मालनच्या शिलाई मशीनवरचं छप्पर. ऊन थेट सुईवर पडायला लागलं. गाडीचं नाक शेडाची भिंत ओलांडून स्वयंपाकघरात आलं.

छबूताई ब्लाउज न्यायला आली ती उंबऱ्यातच थबकली.

"मालन, चूल कुठं गेली गं तुझी?"

"डाव्या मडगार्डाखाली हाय."

"बरं. आणि माझा ब्लाउज?"

"त्याच्या पलीकडं. वाकून घ्यावा लागंल."

छबूताई वाकली, ब्लाउज ओढून घेतला, त्यावरचं ग्रीस पुसलं. "घर लहान पडतंय बघ तुम्हांस्नी."

"लहान न्हवतं," मालन टाचण्यांच्या फटीतून म्हणाली. "करून घेतलंय."

दिवस मावळला की आनंदा मऊ फडकं तेलात बुडवून इंजिनाचं अंग पुसायचा. "दमलास व्हय रं राजा?" असं त्याला विचारायचा. मालन मशीनवर वाकलेली असायची. फडकं तिच्याच लुगड्याचं होतं, ते तिनं ओळखलं होतं.

मग एका सकाळी इंजिन तिच्या सीटवर आलं. हिरव्या रेक्झिनवर कोपर टेकून ते निवांत बसलं होतं, पाहुणा तक्क्याला टेकतो तसं.

"अहो, माझी सीट."

आनंदानं वाकून बघितलं. "अगं, जरा सरकून बस की."

"कुठं सरकू?"

"मागं डिकी हाय. गुडघं पोटाशी घेतलंस तर आरामात मावशील. बारीकच हाईस तू." हे तो लाडानं म्हणाला.

मालननं दात आवळले. जिभेवर लोखंडाची चव आली. राग मस्तकात गेला नाही. तो दंडातून उतरला, बोटांत आला, आणि बोटांतून कात्रीत.

"नवं बेतते," ती म्हणाली. "एकदाचं बसवून टाकू अंग."

"आता कशी शहाण्यागत बोललीस!"

तिनं उरलासुरला पत्रा अंगणात अंथरला. कात्री पॉपलीन कापावं तशी त्यातून गेली. कापता कापता ती नाकातल्या नाकात गुणगुणत होती:

पत्र्याची शिवली चोळी, हिला लोखंडी काठ गं
इकडं घेतली आवळून, तिकडं मोकळी वाट गं

आपल्या बाजूला तिनं दोऱ्याएवढंही जास्तीचं सोडलं नाही. आनंदाच्या बाजूला मात्र सोडतच गेली. मग अंग इंजिनावर चढवलं, आपल्या बाजूनं गुडघा रोवला आणि खालून वर एकेक हूक लावत आली. इंजिन कण्हलं. त्यानं इकडं धडक मारली, तिकडं मारली, मग दावं सुटलेल्या रेड्यासारखं मोकळ्या बाजूला वळलं, आणि आनंदाच्या सीटवर जाऊन ऐसपैस पसरलं. स्टिअरिंग इंजिनाच्या पोटात अर्धं रुतलं.

तिची सीट रिकामी झाली. रेक्झिनवर कोपराचा खळगा तेवढा राहिला. मालननं तो हातानं पुसला, डोक्याला रुमाल बांधला आणि बसली.

आनंदा आपल्या दारापाशी उभा होता. त्यानं दार उघडून बघितलं, लावून घेतलं, परत उघडलं.

"मालन, मी कुठं बसू गं?"

"मागं डिकी हाय."

"अगं, पण चालवणार कोण?"

इंजिनानं आत दम घेतला. स्टिअरिंग आपसूक आंबोलीच्या अंगाला फिरलं. समोरच्या भिंतीनं अंग चोरून वाट दिली, आणि मालनच्या गळ्याशेजारचा, पत्र्याच्या चोळीचा सगळ्यात वरचा हूक तटकन तुटून उडाला.

तिनं तोंडातून एक टाचणी काढली आणि तिथं खोवली.