बारा लिटर, पाच फेऱ्या

बस डेपोत वेळापत्रकं बनवणाऱ्या बाईला वेळेबद्दल शहाणपण शिकवायला जाऊ नये. ताईंना तर मुळीच नाही. कुठली गाडी कितीला सुटायची, कुठे किती थांबायची, हे तेहतीस वर्षं त्या लिहीत आल्या होत्या आणि त्यांनी लिहिलं की काळ्या दगडावरची रेघ. वर्षातून एकदा त्या आठ माणसं घेऊन नदीच्या घळईत उतरायच्या, तिथेही हाच खाक्या. तीन दिवसांची चाल. दोन्हीकडे उभे कडे, मध्ये कमरेएवढं पाणी, पायाखाली गुळगुळीत गोटे. एकदा उतरलं की मधूनच घरी यायला वाट नाही. दुसऱ्या दिवशी एक जागा अशी येते की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात. तिला सगळे बोळ म्हणत. वरच्या धरणाचं पाणी दुपारी तीनला सुटतं, म्हणून बोळ दोनच्या आत पार करायचा. नाहीतर अलीकडेच मुक्काम.

गेल्या वर्षी तो मुक्काम घडला. बोळापाशी पोचायला अडीच वाजले आणि सगळ्यांनी रात्र एका खडकावर ओल्या कपड्यांत, बिस्किटं खाऊन काढली. दोष वायरमनचा होता. हा आळीतलाच मनुष्य, लोकांच्या घरी दिवे-पंखे जोडून देणारा, दोर वाहायचा आणि सगळ्यांच्या शेवटी चालायचा. वाटेत सारखा बुटाची नाडी बांधायला थांबायचा. ताईंनी मोजलं होतं, अकरा वेळा. परत आल्यावर त्या चारचौघांत म्हणाल्या, "ज्याला या वयात नाडी बांधता येत नाही त्याने घरी बसावं." वायरमनने तोंडातून ब्र काढला नाही. पुन्हा आलाही नाही. या वर्षीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं.

असं पुन्हा होऊ नये म्हणून ताईंनी आपला जुना नियम आणखी कडक पाळायचं ठरवलं होतं. ज्याला यायचंय त्याने पाठीवर बारा लिटर पाणी घेऊन ताईंच्या इमारतीचे चार मजले पाच वेळा चढून उतरायचे. पंचवीस मिनिटांत. सव्वीस झाली की पुढच्या वर्षी या. चढणाऱ्याने स्वतःचं घड्याळ काढून ठेवायचं, कारण घड्याळ बघत चालणारा शेवटच्या फेरीत धावतो आणि पाय मुरगाळून घेतो. घड्याळ धरायचे भाऊजी, म्हणजे ताईंचे धाकटे दीर. कोपऱ्यावर त्यांचं औषधाचं दुकान होतं. दम्यामुळे स्वतः कधी घळईत उतरले नाहीत, पण खाली टपालपेट्यांपाशी खुर्ची टाकून बसायचा मान त्यांचाच.

या रविवारी जिना चढायची पाळी ताईंची होती. दहाला सगळे ताईंच्या घरी जमायचे होते, यादी पक्की व्हायची होती. नवरा चहा पिता पिता म्हणाला, "स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा. तुला नापास कोण करणार?"

"घड्याळ," ताई म्हणाल्या आणि पाण्याची पिशवी पाठीवर घेतली.

पहिल्या फेरीत जिन्याच्या खिडकीतून साडेसातची बस वळताना दिसली. गेल्याच महिन्यात ताईंनी ती या रस्त्याने वळवली होती, दर पंधरा मिनिटांनी एक. गाडी वेळेवर बघून बरं वाटलं. दुसऱ्या फेरीत गुडघा बोलायला लागला. तिसरीत पोटऱ्यांत गोळे आले, खिडकीबाहेर दुसरी बस वळून गेली. कठडा धरायचा नाही असं ठरवलं होतं, धरला. चौथीत तिसऱ्या मजल्यावर क्षणभर टेकल्या आणि उठवेना. ओझं पाण्याचं होतं तेवढंच होतं, दरवर्षीचं. अंगच शिणलं होतं, डेपोतून येतानाच शिणलेलं असायचं हल्ली. घळईतले ते तीन दिवस नसते तर बाकीचं वर्ष कशाच्या जोरावर ढकलायचं, हे ताईंना माहीत नव्हतं. म्हणून उठल्या. शेवटच्या उतरणीला पुन्हा खिडकीशी आल्या तेव्हा बाहेर तिसरी बस वळत होती.

"चोवीस मिनिटं, वीस सेकंद," भाऊजी म्हणाले. "झालात पास."

ताई पायरीवर बसल्या. दम परत यायला वेळ लागला.

"भाऊजी, मी वर असताना तीन बस गेल्या, म्हणजे अर्धा तास झाला."

"रविवार आहे. येत असेल एखादी लवकर."

"माझी बस उशिरा येईल. लवकर येत नाही. घड्याळ दाखवा."

भाऊजींनी घड्याळ दाखवलं नाही. टपालपेट्यांकडे बघत म्हणाले, "तेहतीस."

"आणि गेल्या वर्षी?"

"तीस. त्याच्या आधी सत्तावीस. तेव्हा वाटलं, दोन मिनिटांनी काय आभाळ कोसळतंय?" मग हळूच म्हणाले, "वहिनी, तुमच्या गुडघ्याचं मलम माझ्याच दुकानातून जातं. मला का कळत नाही? पण एरवी तुमचा चेहरा कसा असतो आणि तिथून आल्यावर कसा असतो, तेही बघतोच ना मी."

ताईंनी पिशवी पाठीवरून उतरवली. भाऊजींना गप्प बसवेना.

"वायरमनला मीच सांगितलं होतं. म्हटलं, वहिनींच्या मागे राहा. दमलेल्या दिसल्या की काहीतरी निमित्त काढून थांबव, पण त्यांना कळू देऊ नको."

नाचता येईना अंगण वाकडं, हे दुसऱ्याला ऐकवायला किती सोपं असतं. ताईंना एकेक थांबा आठवला. मागून हाक यायची, "ताई, जरा नाडी." त्या करवादायच्या, आणि एखाद्या दगडावर बसून पाणी प्यायच्या. मनातून बरं वाटायचं. अकरा वेळा बरं वाटलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

वर जाऊन त्यांनी यादीतलं पहिलं नाव, स्वतःचं, खोडलं. मग वायरमनला फोन लावला.

"दहाला ये. चारचौघांत बोलले ते चारचौघांतच मागे घ्यायचंय."

तो म्हणाला, "दोर माझ्याकडेच राहिलाय. तो द्यायला येतो."

दहाला ताई खाली जाऊन थांबल्या. त्याला बोलावून आपण वर बसून राहायचं, हे त्यांना बरं वाटेना. वायरमन खांद्यावर दोर टाकून आला. हसला नाही.

"चूक माझी होती," ताई म्हणाल्या. "मला आज कळलं. वर सगळ्यांना सांगणार आहे. आणि या वर्षी पुढे तू चालायचंस."

"तुम्ही?"

"मी नाही. मला तेहतीस मिनिटं लागली."

त्याने मान हलवली. "ताई, खोटं कशाला बोलू? राग आहे माझ्या मनात. अजून आहे."

"असू दे. असायलाच हवा."

दोघं जिना चढायला लागले, ताई पुढे, तो मागे. वरून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. सकाळच्या पाच फेऱ्या पायांत तशाच होत्या. दुसऱ्या मजल्यापाशी ताईंचा गुडघा अडला. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, पण दमल्याचं म्हणाल्या नाहीत.

"ताई, जरा थांबा," मागून वायरमन म्हणाला.

त्यांनी वळून पाहिलं. तो खाली वाकला होता, हात पावलाशी. पायात चपला होत्या.

त्याच्याही ते लक्षात आलं. तो तसाच वाकलेला राहिला.

"राहू दे रे," ताई म्हणाल्या. "मी दमलेय. जरा बसू या."

त्या पायरीवर बसल्या. त्याने दोर खाली ठेवला आणि शेजारी बसला.